वेब सर्व्हर मुळापासून बांधताना

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या सर्व्हरवर लेख लिहावा, याचे पुष्कळांना नवल वाटेल. अंकाचे काम पाहणाऱ्या सरांनाही ते वाटले. "तू सहकार किंवा अंकेक्षण यांवर लिही," असे ते म्हणाले. मी म्हटले, "सर, हा लेख एका अर्थी अंकेक्षणावरच आहे." तो कसा, हे वाचकांनी शेवटी ठरवावे.

झाले असे. माझे मामा आमच्या भागातील एका पतसंस्थेत लेखनिक आहेत. सभासदांना आपल्या ठेवीची आणि कर्जाची बाकी घरबसल्या पाहता यावी म्हणून संस्थेने काही वर्षांपूर्वी स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. पाने मराठीत आणि कानडीतही. ते चालवणारा संगणक संस्थेच्या मागच्या खोलीत, जुन्या पावतीपुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवलेला आहे. ज्या तरुणाने तो बसवून दिला, तो पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला. संगणक मात्र बिनतक्रार चालू राहिला आणि चालू आहे म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

अंकेक्षणाच्या वेळी ऑडिटर साहेबांनी एक प्रश्न लिहून दिला : 'संकेतस्थळावरील एन्क्रिप्शनची लायब्ररी कोणत्या आवृत्तीची आहे, आणि तिच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाची आहे?' मामांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. "अगं, तू त्या लिनक्सच्या वर्गाला जात होतीस ना? हे काय आहे ते बघ जरा."

मी पाहिले. संगणकावर डेबियन ९ ही २०१७ साली आलेली कार्यप्रणाली होती. वेब सर्व्हर इंजिन-एक्स, आवृत्ती १.१०.३. एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल, आवृत्ती १.१.०. या आवृत्तीची देखभाल तिच्या कर्त्यांनी ११ सप्टेंबर २०१९ रोजी थांबवली. डेबियन ९ ची दीर्घ मुदतीची देखभालही ३० जून २०२२ रोजी संपली. म्हणजे ऑडिटर साहेबांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते : कोणाचीही नाही. सभासदांच्या बाक्या, त्यांचे पत्ते, त्यांचे पासवर्ड ज्या कुलपामागे होते, त्या कुलपात दोष निघाला तर तो दुरुस्त करणारा माणूसच उरला नव्हता.

कुलूप कोठे असते?

वेब सर्व्हर हा एक कारकून आहे असे समजू. ब्राउझर 'अमुक पान द्या' असा अर्ज करतो आणि सर्व्हर ते पान काढून देतो. इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्याने लिहिलेला इंजिन-एक्स २००४ साली सर्वांसाठी खुला झाला. एकाच वेळी हजारो अर्ज थोड्या स्मृतीत हाताळण्याची त्याची ख्याती आहे. परंतु पाने गुप्तपणे पोचवण्याचे गणित हा कारकून स्वतः करीत नाही. ते काम तो लायब्ररीकडे सोपवतो. येथे लायब्ररी म्हणजे आपले महाविद्यालयीन ग्रंथालय नव्हे. अनेक कार्यक्रमांना लागणारी तीच ती कामे एकदा लिहून ठेवलेला संच, असा तिचा अर्थ. ओपनएसएसएल ही अशीच लायब्ररी. एरिक यंग आणि टिम हडसन यांनी ऑस्ट्रेलियात लिहिलेल्या एसएसएलईएवाय या संचातून १९९८ साली ती निघाली.

ही लायब्ररी तीन कामे करते. वाटेत कोणी मजकूर पाहिला तर त्याला तो कळू नये. कोणी त्यात बदल केला तर तो उघडकीस यावा. आणि समोरचा सर्व्हर खरोखर त्याच संस्थेचा आहे याची खात्री पटावी. या तिन्ही कामांचे नियम ज्या करारात लिहिले आहेत, त्याला टीएलएस म्हणतात. त्याचा पूर्वज एसएसएल हा नेटस्केप कंपनीने १९९५ साली आणला. टीएलएसची पहिली आवृत्ती १९९९ची, १.२ ही २००८ची आणि १.३ ही ऑगस्ट २०१८ची. १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे त्याज्य ठरल्या.

अंकाच्या कानडी विभागात लिहिणारी माझी मैत्रीण एकदा म्हणाली, "आमच्यात किल्लीला 'बीगद कै' म्हणतात." म्हणजे कुलपाचा हात! मला तो शब्द फार आवडला. टीएलएस समजावून सांगताना तो उपयोगीही पडतो, कारण येथे हात दोन असतात. एक सर्व्हरजवळचा कायमचा हात, जो प्रमाणपत्राशी जोडलेला असतो. दुसरा प्रत्येक भेटीपुरता तयार होतो आणि भेट संपली की टाकून दिला जातो. जुन्या पद्धतीत काही वेळा सगळा मजकूर कायमच्या हातावरच अवलंबून असे. तो हात कोणी चोरला, तर पूर्वी साठवून ठेवलेला मजकूरही त्याला उघडता येई. टीएलएस १.३ ने ती वाट बंद केली. कायमचा हात आता सही करण्यापुरता उरला आणि कुलपाचे काम त्या त्या भेटीच्या हाताकडे गेले. शिवाय १.२ मध्ये मजकूर सुरू होण्याआधी दोन फेऱ्या बोलणी चालत, ती १.३ मध्ये एका फेरीत उरकतात.

आमच्या सर्व्हरवरील १.१.० या लायब्ररीला टीएलएस १.३ येतच नव्हते. ते ११ सप्टेंबर २०१८ रोजी आलेल्या १.१.१ या आवृत्तीपासून येऊ लागले.

नवे म्हणजे सुरक्षित, असे आहे काय?

येथे घाई करू नये. २०१४ सालची एक घटना या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. टीएलएसमध्ये 'हार्टबीट' नावाची एक सोय होती. जोडणी जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी एक बाजू थोडा मजकूर पाठवी आणि सोबत त्याची लांबी सांगे. दुसऱ्या बाजूने तोच मजकूर परत पाठवायचा. ओपनएसएसएलने ही सोय १.०.१ या आवृत्तीत मार्च २०१२ मध्ये दिली. पण सांगितलेली लांबी खरी आहे काय, हे तपासायचे राहून गेले. कोणी एक अक्षर पाठवून 'ही चौसष्ट हजार अक्षरे आहेत' असे सांगितले, तर सर्व्हर ते एक अक्षर आणि त्याच्या शेजारी स्मृतीत जे काही पडले असेल ते, असे मिळून चौसष्ट किलोबाइटांपर्यंत मुकाट्याने परत देई. त्या शेजारच्या स्मृतीत पासवर्ड असू शकत, सर्व्हरचा कायमचा हातसुद्धा असू शके. ७ एप्रिल २०१४ रोजी हा दोष 'हार्टब्लीड' या नावाने जाहीर झाला आणि १.०.१जी या आवृत्तीत दुरुस्त झाला.

आमच्या भाषेत सांगायचे तर एखाद्याने एक रुपयाची पावती दाखवून 'ही चौसष्ट हजारांची आहे' म्हणावे आणि कॅशियरने पावती न वाचता पैसे मोजून द्यावेत, तसे हे झाले.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ज्यांच्याकडे त्याहून जुनी ०.९.८ ही आवृत्ती होती, त्यांना या दोषाची झळ लागली नाही, कारण तिच्यात ती सोयच नव्हती. तेव्हा 'नवी तेवढी चांगली' हा नियम बरोबर नाही. बरोबर प्रश्न ऑडिटर साहेबांनी विचारला तोच : हिच्यात दोष निघाला तर दुरुस्ती कोण पुरवणार, आणि किती काळ? ओपनएसएसएल ३.५ ही एप्रिल २०२५ मध्ये आली. तिची देखभाल एप्रिल २०३० पर्यंत होईल, असे तिच्या कर्त्यांनी जाहीर केले आहे. मी ती निवडली, ती या तारखेसाठी.

तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. पुढे कधी पुंज-संगणक पुरेसे मोठे झाले, तर आजचे हात तयार करण्याचे गणित त्यांना सोडवता येईल अशी भीती आहे. आज चोरून साठवलेला मजकूर तेव्हा उघडता येईल. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी नव्या गणिताची पहिली तीन मानके प्रसिद्ध केली. त्यांतील एमएल-केईएम हे हातांच्या देवाणघेवाणीचे मानक. ओपनएसएसएल ३.५ हे नवे गणित जुन्या गणिताशी जोडून वापरते. दोहोंपैकी एक जरी टिकले, तरी कुलूप टिकते.

माझी चूक

सगळी कार्यप्रणालीच नवी घालावी, हा खरा उपाय. पण सभासदांच्या बाक्या दाखवणारा मागचा कार्यक्रम जुन्या पायथनवर लिहिलेला होता आणि नव्या प्रणालीवर तो चालेल याची हमी द्यायला कोणी नव्हते. मार्चअखेरचे हिशेब झाल्यावर नवी व्यवस्था आणू, असे संचालक मंडळाने ठरवले. तोपर्यंतचे काय?

मला वाटले, सोपे आहे. नवी लायब्ररी आणायची आणि जुनीच्या जागी ठेवायची. एका शनिवारी संध्याकाळी मी जुन्या फायलींची नावे बदलली आणि त्याच नावांनी नव्या फायलींकडे बोट दाखवणारे दुवे करून ठेवले. सर्व्हर पुन्हा सुरू केला. तो सुरू होईना. 'ओपनएसएसएल १.१.० ही आवृत्ती सापडत नाही' असे उत्तर येऊ लागले. पाठोपाठ मागचा पायथनचा कार्यक्रमही बसला, कारण तोही त्याच लायब्ररीवर उभा होता. एकाच्या सोयीसाठी मी सामाईक खांब हलवला होता. इकडे मामांचा फोन वाजू लागला. एका सभासदाला त्याच रात्री ठेवीची बाकी पाहायची होती, मुलाच्या प्रवेशाची फी भरायची होती.

तासाभराने मी सगळी नावे पूर्ववत केली आणि संकेतस्थळ उघडले. मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "रोजमेळ चुकला तर आम्ही कीर्दीत खाडाखोड करत नाही. जुनी नोंद तशीच ठेवतो आणि खाली वेगळी नोंद घालतो." त्या वाक्याने मला वाट दाखवली. जुन्याला हात न लावता, नवे वेगळे बांधायचे.

मूळ संहितेपासून बांधणी

संगणकाला अखेर शून्य-एकची भाषा कळते. माणूस लिहितो ती मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड. इंजिन-एक्स आणि ओपनएसएसएल यांची संहिता मुख्यतः सी भाषेत आहे आणि ती कोणालाही मोफत मिळते. कंपायलर नावाचा कार्यक्रम या संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. मग लिंकर हे सुटे तुकडे एकत्र बांधून चालणारा कार्यक्रम तयार करतो. आपण नेहमी वापरतो तो तयार माल; हे सगळे दुसऱ्या कोणी आधीच करून दिलेले असते. ताळेबंद छापून हाती येतो, तसे. संहितेपासून बांधणे म्हणजे व्हाउचरांपासून सुरुवात करणे.

मी हे काम संस्थेच्या संगणकावर न करता घरच्या जुन्या लॅपटॉपवर केले. त्यावरही मुद्दाम डेबियन ९ च घातली. ज्या सी-लायब्ररीवर कार्यक्रम बांधला जातो, ती किंवा तिच्याहून नवी लायब्ररी तो चालवायच्या ठिकाणी असावी लागते. नव्या यंत्रावर बांधून जुन्यावर नेले, तर बहुधा अडते.

पहिली पायरी साहित्याची. इंजिन-एक्स, ओपनएसएसएल ३.५, नमुने जुळवणारी पीसीआरई आणि मजकूर आकसून पाठवणारी झेडलिब, अशा चार संहिता त्यांच्या मूळ ठिकाणांहून उतरवून घेतल्या.

दुसरी पायरी पडताळणीची. ती कोणीही गाळू नये. उतरवलेल्या गठ्ठ्यावरून एसएचए-२५६ या पद्धतीने चौसष्ट चिन्हांची एक बेरीज निघते. गठ्ठ्यातील एक अक्षर बदलले, तरी ती बेरीज पार बदलते. आपण काढलेली बेरीज आणि कर्त्यांनी प्रसिद्ध केलेली बेरीज ताडून पाहावी. कर्त्यांची डिजिटल सही असते, तीही तपासावी.

तिसरी पायरी 'कॉन्फिगर'ची. ही आज्ञा यंत्रावर कंपायलर आहे काय, हव्या त्या गोष्टी आहेत काय, हे पाहते आणि बांधणीचा आराखडा लिहून ठेवते. येथे आपण सांगायचे की एसएसएलचा भाग घ्या, एचटीटीपी-दोनचा भाग घ्या, अमुक जागी बसवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'विथ-ओपनएसएसएल' या पर्यायापुढे नव्या ओपनएसएसएलच्या संहितेची जागा द्यायची. तयार लायब्ररीची जागा द्यायची नाही. मी प्रथम तीच दिली आणि बांधणी अडली. हा पर्याय संहितेचे घर मागतो, कारण इंजिन-एक्स स्वतः त्या घरात जाऊन लायब्ररी बांधून घेतो.

चौथी पायरी 'मेक'. आधी ओपनएसएसएल आणि मग इंजिन-एक्स असे शेकडो तुकडे कंपाइल होतात. जुन्या लॅपटॉपवर याला बराच वेळ लागला. मी चहा घेऊन परत आले, तरी पडद्यावर ओळी सरकतच होत्या.

पाचवी पायरी, तयार झालेला सर्व्हर संस्थेच्या संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणे. जुना सर्व्हर जेथल्या तेथे. नव्याला प्रथम दुसऱ्याच पोर्टवर उभे केले, त्याची रचना-फाइल 'टी' पर्यायाने तपासून घेतली, मामांच्या फोनवरून आणि माझ्या फोनवरून पाने उघडून पाहिली. आणि मग रविवारी सकाळी जुना थांबवून नवा मुख्य दारावर आणला. दाराशी बदल झाल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. मागचा पायथनचा कार्यक्रम आपल्या जुन्या लायब्ररीवर पूर्वीसारखाच चालत होता.

वहीत उतरवलेले पान

दोन्ही वेळा फरक कोठे पडला, ते पाहू. नेहमीच्या पद्धतीत कार्यक्रम सुरू होताना प्रणालीतील सामाईक लायब्ररीकडे जातो. ग्रंथालयातील एकच पुस्तक दहा जण वाचतात, तसे. पुस्तकाची नवी आवृत्ती आली की ती सर्वांना मिळते. मी केलेल्या पद्धतीत लायब्ररी सर्व्हरच्या पोटातच बांधली जाते. पुस्तकातील पाने आपल्या वहीत उतरवून घ्यावीत, तसे.

वहीचा फायदा उघड आहे. ग्रंथालयातील जुन्या पुस्तकावर आपण अवलंबून राहत नाही आणि दुसऱ्यांच्या वाचनात व्यत्यय आणत नाही. पण तोटा आमच्या वर्गातील प्रत्येकाला ठाऊक आहे. कराचे दर गतवर्षी वहीत उतरवून घेतले. अर्थसंकल्पात दर बदलले. पुस्तकाची नवी आवृत्ती आली. वही मात्र जुनाच दर सांगत राहिली, आणि तीही आपल्याच सुवाच्य अक्षरात! पोटात बांधलेल्या लायब्ररीचेही असेच होते. उद्या ३.५ मध्ये दोष निघाला आणि दुरुस्ती आली, तर ती आपोआप आमच्या सर्व्हरमध्ये शिरणार नाही. कोणीतरी नवी संहिता आणून, पडताळून, सर्व्हर पुन्हा बांधला पाहिजे. तो 'कोणीतरी' म्हणजे ज्याने बांधला तो. या लेखाद्वारे मला जे सांगायचे आहे ते एवढेच. संहितेपासून बांधताना आपण नवे कुलूप तर घेतोच, पण त्या कुलपाच्या देखभालीचे खातेही आपल्या नावावर उघडतो.

तपासणीतील तीन फसगती

बांधणी झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने संगणकाला ओपनएसएसएलची आवृत्ती विचारली. उत्तर आले १.१.०. मला वाटले, सगळे श्रम वाया गेले. मग कळले की ती आज्ञा प्रणालीतील सामाईक लायब्ररीची आवृत्ती सांगते; सर्व्हरच्या पोटात काय आहे, ते तिला माहीत नसते. ते इंजिन-एक्सलाच मोठ्या 'व्ही' या पर्यायाने विचारावे लागते. तेथे 'ओपनएसएसएल ३.५ सह बांधलेला' अशी ओळ स्पष्ट होती. याच्या उलट फसगत जास्त धोक्याची. प्रणालीतील लायब्ररी नवी करून माणूस निर्धास्त होतो आणि पोटातली जुनीच राहते.

दुसरी फसगत रचना-फाइलची. जुन्या फाइलमध्ये टीएलएस १.०, १.१ आणि १.२ एवढ्यांचीच नावे लिहिलेली होती. नवे कुलूप बसले, पण त्याची नवी कळ कोणी दाबतच नव्हते. पहिली दोन नावे खोडून १.३ लिहिल्यावर ती चालू झाली.

तिसरी फसगत ब्राउझरमधील खुणेची. पत्त्याच्या पट्टीवरून जोडणी सुरक्षित असल्याचे कळते, ते प्रमाणपत्र खरे आहे आणि मजकूर गुप्त जातो एवढ्यापुरते. प्रमाणपत्र कालच घेतलेले असू शकते आणि त्यामागची लायब्ररी आठ वर्षांची. मुद्रांक नवा आहे, म्हणून दस्तऐवजातील मजकूर बरोबर ठरत नाही.

विश्वास किती ठेवावा?

'मी स्वतः बांधले, म्हणून शुद्ध' असाही अभिमान धरू नये. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक धक्कादायक गोष्ट उघड केली. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना त्यांना एक्सझेड या मजकूर आकसणाऱ्या संचाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती चालू करणारा बांधणीचा तुकडा सार्वजनिक संहिता-भांडारात नव्हता. तो प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यातच घातला होता. म्हणजे गठ्ठा उतरवून बेरीज बरोबर जुळवली, तरी तो गठ्ठा निर्दोष ठरला नसता. बेरीज जुळली तर गठ्ठा वाटेत बदलला नाही, एवढे सिद्ध होते. देणारा प्रामाणिक आहे, हे सिद्ध होत नाही. अंकेक्षणाच्या वर्गात आम्हांला शिकवतात की व्हाउचर आहे यावर थांबू नये, व्हाउचर कोणी केले तेही पाहावे. एका माणसाला अर्धा सेकंद खटकला आणि त्याने तो सोडून दिला नाही, म्हणून मोठा अनर्थ टळला. रोजमेळात चार आण्यांचा फरक आला तरी जुने लेखनिक रात्री घरी जात नसत, त्याची मला आठवण झाली.

माझ्या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मी बदलले ते फक्त दारावरचे कुलूप. त्या संगणकाची कार्यप्रणाली, तिचा गाभा, मागचा पायथनचा कार्यक्रम, सगळे जुनेच आहे. भिंत जीर्ण असताना दाराला पोलादी कुलूप लावून निश्चिंत होता येत नाही. म्हणून मी मामांना लेखी दिले की ही व्यवस्था नवी यंत्रणा येईपर्यंतचीच समजावी.

ऑडिटर साहेबांच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आम्ही एक साधी दोनशे पानी वही केली. पहिल्या पानावर चार संहितांच्या आवृत्त्या, उतरवल्याची तारीख, पडताळलेल्या बेरजा आणि बांधणीच्या वेळी दिलेले सर्व पर्याय लिहिले, म्हणजे उद्या मी नसले तरी दुसऱ्याला तोच सर्व्हर पुन्हा बांधता यावा. सूचना मराठीत लिहिल्या आणि माझ्या मैत्रिणीने शेजारच्या पानावर त्या कानडीत उतरवल्या, कारण पुढे ते काम कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही. ओपनएसएसएल आणि इंजिन-एक्स यांच्या सुरक्षाविषयक सूचना टपालाने, म्हणजे ई-मेलने, माझ्याकडे आणि मामांकडेही येतात. दर सोमवारी त्या पाहून वहीत सही करायची. दुरुस्ती आली असेल, तर लॅपटॉप काढून पुन्हा 'मेक'.

आतापर्यंत दोनदा ते करावे लागले. दुसऱ्या वेळी माझी सहामाही परीक्षा होती. कॉस्टिंगचा पेपर दुसऱ्या दिवशी आणि दुरुस्तीची सूचना आदल्या संध्याकाळी. क्षणभर वाटले, सोमवारनंतर पाहू. पण वहीत माझ्या नावापुढची जागा रिकामी दिसत होती. रात्री साडेदहाला बांधणी सुरू केली आणि ती चालू असताना शेजारी बसून प्रक्रिया परिव्ययाची उदाहरणे सोडवली.

वर्षअखेर ऑडिटर साहेब पुन्हा आले. त्यांनी वही चाळली, सह्या मोजल्या, आणि आपल्या कागदावरील दुसऱ्या प्रश्नापुढे माझे नाव लिहिले. मग चष्म्यावरून पाहत विचारले, "आणि तू शिकायला बाहेरगावी गेलीस तर?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्या दिवसापासून मामा दर रविवारी माझ्याशेजारी बसून 'कॉन्फिगर' आणि 'मेक' शिकत आहेत. त्यांचे वय चौपन्न आहे. पहिली पडताळणी त्यांनी बेरजेची चौसष्ट चिन्हे एकेक करून, खतावणीवर बोट ठेवून वाचावे तशी, दोनदा वाचून केली.